फेरीच्या वाटेत उभे पक्षी

मला दोन जावई. धाकटा नदीत मुद्दाम अडकतो, थोरला चुकून अडकला. तोंडावर मी दोघांनाही अहो-जाहो करतो आणि मनातल्या मनात अरे-तुरे. इथे मनातलंच चालू द्या.

धाकटा फोटोग्राफर. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचा स्टुडिओ आहे. दिवसा तो ओळखपत्रांचे फोटो काढतो, गिऱ्हाइकाला हनुवटी खाली घ्यायला लावतो आणि कुणी हसलं तर चिडतो. पहाटे मात्र हा माणूस वेगळाच. आमचं गाव नदीच्या मुखाशी आहे. समुद्र दिवसातून दोनदा नदीत शिरतो आणि दोनदा परत जातो. ओहोटी लागायच्या आधी हा आपलं चपट्या बुडाचं होडकं वल्हवत वरच्या अंगाच्या चिखलावर नेतो आणि तिथे नुसता बसून राहतो. पाणी उतरतं, होडकं चिखलात टेकतं, की पुढचे चार-पाच तास घराला आग लागली तरी याला येता यायचं नाही. तिथला चिखल माणसाला कमरेपर्यंत गिळतो. पक्ष्यांना हा ओंडका वाटतो. आमच्या धाकटीलाही कधीकधी तसंच वाटतं.

थोरला तांडेल, म्हणजे फेरीबोट चालवणारा. अलीकडून पलीकडे अठरा मिनिटं, कमी नाही की जास्त नाही. लोक माझ्या फेरीवर घड्याळ लावतात, असं तो म्हणतो. लोक तसं म्हणत नाहीत, पण लावतात खरे. पक्ष्यांविषयी त्याचं एकच मत आहे, की ते कठड्यावर घाण करतात.

"इतके फोटो काढतोस, त्यात माझी बोट कशी नसते रे?" तो साडूला एकदा म्हणाला.

"दादा, तुमची बोट आली की पक्षी उडतात."

"मग उडतानाचा काढ की! का बोटीला हनुवटी नाही म्हणून नको?"

राहता राहिलो मी. बंदराच्या कचेरीत एकतीस वर्षं नोंदवही सांभाळली. धक्क्याच्या भिंतीवर आकडे रंगवलेली पट्टी आहे. दर भरती-ओहोटीला तिच्यावरचं पाणी वाचायचं आणि लिहायचं. सोबत आभाळ, वारा, आलेली-गेलेली बोट. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी नदीचं काही अडलं की माणूस माझ्याकडेच धाडतात. माणसांच्या नोंदीही मी ठेवतो, पण त्या डोक्यात, आणि त्यात खाडाखोड करायची वेळ सहसा येत नाही असा माझा समज होता.

तर झालं असं. पहिली फेरी रोज आठला सुटते. त्या दिवशी पलीकडच्या शाळेत परीक्षा होती, म्हणून ती साडेसहालाच सोडली. मोठ्या ओहोटीचा दिवस, सकाळी दाट धुकं. बोटीत चाळीस मुलं आणि त्यांच्या चाळीस आया. फेरी धक्क्यावरून निघते, नदीच्या वरच्या अंगाला थोडी जाते, आणि समोरच्या काठावरचा लाल खांब व त्याच्या मागची बर्फकारखान्याची चिमणी एकावर एक आली की वळते. मग खांब चिमणीवरून हलू द्यायचा नाही, एवढंच काम. ती रेषा म्हणजे नदीतला सर्वांत खोल पट्टा. वळताना तांडेलानं धुक्याच्या फटीतून खांब-चिमणी एक झालेली पाहिली, फट मिटली, आणि मधोमध पोचल्यावर बोट वाळूवर चढून बसली. कुणाला खरचटलंही नाही. पण होड्या जमवून मुलं उतरवेपर्यंत परीक्षा तासभर खोळंबली आणि फेरी दोन तास सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर तिरकी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी बंदर अधिकारी घरी आल्या. गावात त्यांना नुसतं मॅडम म्हणतात. वय पस्तीसच्या आसपास, केस घट्ट बांधलेले आणि बोलणं त्याहून घट्ट.

"काका, तुम्ही जुने. खांबाच्या रेषेत पाणी कमी पडल्याचं तुम्हाला कधी आठवतं?"

मी म्हणालो, "एकतीस वर्षांत नाही. मोठ्या ओहोटीलाही तिथे दोन पुरुष पाणी, माणसावर माणूस उभा केला तरी बुडेल. डोळे मिटून बोट न्यावी."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि कागद पुढे केला. मी ऐटीत सही केली. पेन परत देताना माझ्या लक्षात आलं, की नदी सरळ ठरली म्हणजे तांडेल वाकडा ठरला. तांडेल शपथेवर सांगत होता की मी रेषेतच होतो. मॅडमचं म्हणणं, तो धुक्यात रेषा सोडून भरकटला आणि आता खोटं बोलतोय. आणि खरं सांगायचं, तर मलाही तसंच वाटत होतं. शेहेचाळीस वर्षांचा घाईचा माणूस, धुकं, चाळीस आया कानाशी, भरकटला असेल. परवाना तूर्त काढून घेतला. सुनावणी सोळा दिवसांनी. तिथे दोषी ठरला तर कायमचा गेला, आणि त्याला फेरी सोडून दुसरं काहीही येत नाही. घरात साधा खिळा ठोकला तर तो वाकडा जातो.

थोरली लेक शेजारच्याच गल्लीत राहते. तिनं तीन दिवस माझ्याशी तोंड उघडलं नाही. चौथ्या दिवशी उघडलं, तेव्हा वाटलं आधीचं बरं होतं.

"बाबा, त्या बाईंनी विचारलं आणि तुम्ही सही ठोकून मोकळे?"

"जे खरं ते सांगितलं."

"तुम्ही धक्क्यावर उभं राहून पाणी मोजलंत ना? एकतीस वर्षं? मधे कधी गेला होतात?"

मी चहाच्या कपात बघत राहिलो. प्रश्न साधा होता आणि उत्तर त्याहून साधं. मधे मी कधीच गेलो नव्हतो. पट्टी धक्क्याला होती.

"हे रोज पहाटे धक्क्यावर जाऊन उभे राहतात," ती म्हणाली. "काही करत नाहीत. नुसते उभे राहतात आणि परत येतात."

ते मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

दहाव्या दिवशी मी पेन्शनच्या कागदांसाठी फोटो काढायला धाकट्याच्या स्टुडिओत गेलो. गेले काही दिवस तो घरी फिरकला नव्हता, आणि आता माझ्या हनुवटीबद्दलही काही बोलेना. जो माणूस माझ्या हनुवटीला बारा वर्षं नावं ठेवतो तो गप्प बसला, तर पाणी कुठेतरी मुरतंय हे मला नोंदवहीशिवायही कळतं. तो आत प्रिंट काढायला गेला तेव्हा मी सरळ त्याच्या संगणकासमोर बसलो. पडद्यावर पक्षी होते. एकामागून एक पहाटा, एकामागून एक पक्ष्यांची रांग.

त्याची एक खोड आहे. सुरुवातीला त्याच्या फोटोंत क्षितिज कलतं यायचं आणि तांडेल म्हणायचा, "नदी सांडेल रे!" तेव्हापासून तो प्रत्येक फोटोत समोरचा लाल खांब धरतो, आणि खांब सरळ आहे ना हे मागच्या चिमणीवर पडताळून घेतो. त्यासाठी होडकंही रोज त्याच जागी, त्या दोघांच्या बरोबर रेषेत लावतो. म्हणून सगळ्या फोटोंत खांब-चिमणी एकावर एक. पाच आठवड्यांपूर्वीच्या फोटोत पक्ष्यांची रांग खांबाच्या बरीच डावीकडे संपत होती. मधल्या पुरानंतरच्या फोटोत खांबाच्या जरा जवळ. आणि ज्या दिवशी फेरी अडकली त्याच्या आदल्या पहाटेच्या फोटोत रांग खांब ओलांडून उजवीकडे गेली होती. खांबाच्या बरोबर खाली, जिथे मी दोन पुरुष पाणी आहे म्हणून सही केली होती, तिथे एक वीतभर पायांचा पक्षी उभा होता आणि त्याचे अर्धे पाय कोरडे होते.

धाकटा प्रिंट घेऊन बाहेर आला आणि दारातच थबकला.

"जावईबापू," मी म्हणालो, "हा पक्षी पोहतोय का?"

"नाही मामा. उभा आहे."

"तुम्हाला कधीपासून माहीत?"

"ज्या दिवशी दादांची बोट अडकली, त्याच दिवशी कळलं." तो स्टुलावर बसला. "मोठ्या ओहोटीला पाणी सर्वांत खाली जातं ते पहाटे आणि संध्याकाळी. तेव्हा फेरी नसते. म्हणून कुणाला दिसत नाही. पुरानंतर वाळूची एक जीभ पसरत पसरत वाटेत आलीय. दूर देशाहून येतात हो ते पक्षी. वीस दिवस खातात, वजन दुप्पट करतात आणि पुढे उडतात. सगळ्या मुखात त्यांना खायला ही एकच जागा उरलीय."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"सांगितलं तर गाळ उपसणारी बोट येणार. महिन्यात जीभ खणून टाकतील."

"आणि नाही सांगितलं तर तुमचा साडू खणला जातोय."

त्यानं माझा फोटो पाकिटात घातला, पाकीट परत उघडलं, परत घातला. "रोज पहाटे त्यांना धक्क्यावर उभं असलेलं बघतो मी होडक्यातून," तो म्हणाला. "आजच मॅडमकडे जाणार होतो. खरंच जाणार होतो की नाही, ते आता तुम्ही आलात त्यामुळे मलाही कळायचं नाही."

हा माझा जावई. एवढं खरं बोलणाऱ्या माणसावर रागावायलाही जमत नाही.

आम्ही मिळूनच गेलो. मॅडमनी फोटो एकदा पाहिले, मग उठून खिडकीशी नेऊन पाहिले.

"फोटोवरून खोली ठरत नाही. मोजणीची बोट चार महिन्यांनी येणार आहे."

"चार महिन्यांनी जीभ तिसरीकडेच गेली असेल," मी म्हणालो. "परवा मोठी ओहोटी. तुम्ही स्वतः चला. आणि मॅडम, माझी ती सही परत घ्यायची आहे."

"सही परत घेता येत नाही, काका. दुसरी करता येते." फोटो टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "किती वाजता?"

पहाटे निघालो तेव्हा धुकं इतकं होतं की वल्ह्याचं पातं पाण्यात शिरताना दिसत नव्हतं. होडकं धाकट्याचं, वल्ही तांडेलाच्या हातात. फेरीचा परवाना नसला तरी वल्ही मारायला कुणाची बंदी नव्हती. धाकट्यानं रीत समजावली होती. पक्ष्यांकडे जायचं नाही. पाणी असताना जागेवर जाऊन बसायचं, पाणी जाऊ द्यायचं, मग पक्षी आपणहून येतात.

"म्हणजे मी बोट मुद्दाम वाळूवर चढवायची," तांडेल म्हणाला. "तेही मॅडमना बसवून."

"हो दादा."

"अरे, एकदा चुकून चढवली तर परवाना गेला. आता काय घर घेतील?"

मॅडम हसल्या नाहीत, पण हसू दाबलेलं मला दिसलं. मी ते डोक्यात लिहून ठेवलं.

तांडेल वल्ही सोडून बांबूनं तळ चाचपत होता. "पुरुषभर," तो म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. "छाती." आणखी थोड्या वेळानं, "कंबर." होडकं थरथरलं, खालून खरखर झाली आणि आम्ही टेकलो. आता नदी आम्हाला सोडेल तेव्हाच सुटका.

पण आम्ही आहोत कुठे, हे सिद्ध व्हायला खांब आणि चिमणी दिसायला हवीत, आणि दिसत होतं ते फक्त पांढरं. मॅडमनी घड्याळ पाहिलं. तांडेलाचा बांबूवरचा हात घट्ट झाला होता. तो म्हणत असलेली जागा हीच की शंभर हात बाजूला, हे त्यालाही या धुक्यात शपथेवर सांगता आलं नसतं. मी शेजारी बसून त्याचा श्वास ऐकत होतो.

मग आवाज यायला लागले. आधी डोक्यावरून पंखांची एक लाट गेली, कुणीतरी मोठी चादर झटकावी तशी. मग दुसरी. मग मोजणं सोडून दिलं. चारी बाजूंनी पाण्यात बारीक चुबुक चुबुक, आणि पातळ, ओल्या शिट्ट्या, इतक्या जवळ की हात लांब केला तर लागतील. मॅडमनी माझी बाही धरली. मला वाटतं त्यांना ते कळलंही नाही. आम्ही चौघं श्वास रोखून बसलो आणि आमच्याभोवती न दिसणारी गर्दी वाढत राहिली.

सूर्य वर आला असावा, कारण पांढऱ्याचं पिवळं झालं. धुकं पाण्यापासून वीतभर उचललं गेलं आणि तिथेच थांबलं. त्या वीतभर फटीत आम्हाला पाय दिसले.

नुसते पाय. अंगं नाहीत, डोकी नाहीत. हिरवट, काळे, नारिंगी, काडीसारखे पाय, हजारो, आणि प्रत्येकाखाली पाण्यात त्याचाच उलटा पाय. सगळे अगदी हळू चालत होते. मी नदीकाठी जन्मलो आणि नदीवर पोट भरलं. या मुखातल्या पाण्याचे आकडे माझ्याइतके कुणी लिहिले नसतील. आणि त्या क्षणी मला वाटलं, मी आतापर्यंत एका बंद दाराची उंची मोजत बसलो होतो.

तांडेलाचं तोंड उघडं राहिलं होतं. "हे रोज असतं?" त्यानं विचारलं, इतक्या हळू की त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

"मोठ्या ओहोटीचे तीन-चार दिवस," धाकटा म्हणाला. त्याचा कॅमेरा न थांबता बारीक टिकटिक करत होता आणि त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. धुक्याचं असेल.

धुकं आणखी उचललं. पायांना पोटं आली, पोटांना माना, मानांना चोची. सरळ, वाकड्या, टाचणीएवढ्या, हातभर. डावीकडून उजवीकडे, नदीच्या ऐन मधोमध, एक वाकलेली जिवंत रेघ. धाकट्यानं शंभरच्या गठ्ठ्यांनी अंदाज घ्यायला सुरुवात केली आणि अकरा हजारांवर सोडून दिली. मग त्या सगळ्यांच्या पलीकडे, काठावर, लाल खांब उगवला. त्याच्या मागे चिमणी. इकडे नाही, तिकडे नाही, एकावर एक.

तांडेलानं बांबू मांडीवर आडवा ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

मॅडमनी बूट काढले, पँट दुमडली आणि होडक्याच्या कडेवरून एक एक पाय इतका सावकाश खाली सोडला की जवळचे पक्षी चार पावलं सरकले आणि परत खायला लागले. नकाशावर दोन पुरुष पाणी असलेल्या जागी आमच्या बंदर अधिकारी घोट्यापर्यंत उभ्या राहिल्या. त्यांनी पट्टीनं मोजलं, खिशातल्या नकाशावर पेन्सिलीनं आकडा लिहिला, आणि मग नकाशा हातात तसाच ठेवून नुसतं बघत राहिल्या.

"तांडेल," बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "तुम्ही रेषेतच होतात. सुनावणीत मी हेच सांगणार आहे." मग धाकट्याकडे बघून, "पण वाट बंद ठेवता येणार नाही. गाळ उपसायला लिहावं लागेल."

धाकट्यानं कॅमेरा खाली केला. त्याला हे ठाऊकच होतं, तरी त्याचा चेहरा मला बघवेना. मी काहीतरी बोलायला जाणार, तेवढ्यात तांडेल बोलला.

"वळसा घालता येईल."

"कुठून?"

"खालच्या अंगानं. तिथे पाणी आहे, मी बांबूनं दाखवतो. दोन तरंगत्या खुणा लावा." पुढचा आकडा त्याच्या तोंडून निघायला वेळ लागला. "एकोणतीस मिनिटं लागतील."

"लोक ओरडतील."

"मॅडम, लोक अठरा मिनिटांतही ओरडतात."

"तुम्ही हे लेखी द्याल? रोज फेरी नेणारा म्हणून? उपसण्यापेक्षा वळसा बरा, असं तांडेलानंच लिहून दिलं तर मला वर मांडता येईल. मान्य होईलच असं नाही."

"देतो. मामा लिहितील, मी सही करतो. सह्या करण्यात आमचं घर पुढेच आहे."

मी नदीकडे बघितलं. दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

भरती लागली ती आधी कळलीच नाही. मॅडमच्या घोट्यावरचं पाणी पोटरीवर आलं तेव्हा त्या चढून होडक्यात आल्या. धाकटा हलक्या आवाजात सांगायला लागला. बघा, आधी आखूड पायांचे जातील. आणि रेघेच्या एका टोकाकडून चिमुकल्या चिखल्यांचा थवा उठला, आभाळात वळला, सगळा एकदम पांढरा चमकला आणि एकदम नाहीसा झाला. पाणी चार बोटं चढलं. सरळ चोचीचे गेले. आणखी चार बोटं, मग वाकड्या चोचीचे कोरल, लांब शीळ घालत.

"अरे," तांडेल म्हणाला, "हे तर पाणी सांगतायत! ते उठले म्हणजे वीतभर, हे उठले म्हणजे दीड वीत." तो बांबू टाकून बघायचा, आकडा सांगायचा आणि धाकटा पुढचा पक्षी सांगायचा. "आता कोण?"

"आता बगळे, दादा."

"गुडघाभर झालं... गेले! गेले बघ!"

दोन मोठी माणसं जत्रेत आल्यासारखी एकमेकांचे खांदे हलवत होती. होडकं केव्हा तरंगायला लागलं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

शेवटी एक उरला. राखी, उंच, मान खांद्यांत घातलेला. त्याच्याभोवती आता सगळीकडे नदीच होती, या काठापासून त्या काठापर्यंत सपाट, उन्हानं भरलेली. आणि मधोमध, कशावर उभा आहे ते कुणालाही दिसू नये असा तो एकटा पाण्यावर उभा. पाणी त्याच्या पोटाला लागलं. तो हलला नाही.

"निघायचं का, मॅडम?" मी विचारलं. "कचेरी उघडायची वेळ झाली."

मॅडमनी न वळता हातानंच मला गप्प केलं. तांडेलानं वल्ही पाण्याबाहेर उचलून धरली, थेंबाचाही आवाज होऊ नये म्हणून. आम्ही तो उडण्याची वाट बघत बसलो.